दांडी आणि डबल ड्युटी: एकाच दुखण्याची दोन नावं

(कामगार दिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या व्यासपीठावर नेहमी बोललं जातं ते मुलींच्या शिक्षणावर, तलाक आणि पोटगीवर, वक्फच्या जमिनींवर. त्यामुळे आज मी बसच्या चालक-वाहकांच्या ओव्हरटाइमवर आणि त्यांच्या दांड्यांवर बोलणार आहे असं कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "भाई, हा विषय आपला कसा?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. तालुक्याच्या गावी हायस्कूल असतं, ज्युनिअर कॉलेज असतं, आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली या पासावर तिथं येतात. आता संध्याकाळची परतीची गाडी आठवड्यातून दोनदा रद्द होऊ लागली तर काय होतं? मुलगी अंधार पडेपर्यंत स्टँडवर थांबते. घरचे महिना-दोन महिने सहन करतात आणि मग म्हणतात, राहू दे आता, झालं तेवढं शिक्षण पुरे. मग आपण बापाची समजूत काढायला जातो. ती काढायलाच हवी. पण गाडी का रद्द होते, हे विचारायला आपल्यापैकी कोणी आगारात गेलं होतं का?

दुसरं कारण असं की या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं उभी आहेत. स्टँडवर ताटकळणारे आपले आहेत, आणि स्टिअरिंगवर बसलेले, तिकीट फाडणारे, वर्कशॉपमध्ये गाडीखाली झोपून नट आवळणारेही आपले आहेत. मोहल्ल्यात एखादा एसटीचा चालक, एखादा शहर बसचा कंत्राटी ड्रायव्हर नाही असं सहसा होत नाही.

मी एका आगारात बरीच वर्षं ड्युट्या लावण्याचं काम केलं. टेबलावर दोन वह्या असायच्या. एकीत आज कोण आलं नाही याची नोंद, दुसरीत जादा ड्युटी कोणाला दिली याची. महिना संपला की या वह्यांचे गोषवारे दोन वेगळ्या टेबलांवर जात. गैरहजेरीचा गोषवारा शिस्तीच्या टेबलावर, ओव्हरटाइमचा हिशोबाच्या टेबलावर. एक साहेब विचारायचे, इतक्या दांड्या का? दुसरे विचारायचे, इतका ओटी का? दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणी वाचत नसे. मला आज मुख्यतः एवढंच सांगायचं आहे की ते शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. कारण बऱ्याचदा परवा डबल ड्युटी केलेला माणूस आणि आज दांडी मारलेला माणूस एकच असतो.

आधी हिशोब

भावनेवर जाण्याआधी साधा हिशोब करू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या विशिष्ट आगाराचे नाहीत. कोणीही वहीवर करून पाहावा.

समजा एका आगारातून रोज १०० ड्युट्या सुटतात, म्हणजे रोज १०० चालक लागतात. बसला रविवार नसतो. वर्षाचे झाले ३६,५०० मनुष्यदिवस. आता एक चालक वर्षात किती दिवस कामावर असू शकतो? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा करा, राहिले ३१३. त्यातून १४ दिवसांची हक्काची रजा, सणांच्या आणि राष्ट्रीय अशा ८ सुट्ट्या, आणि आजारपण, किरकोळ रजा, प्रशिक्षण, डोळे तपासणी, कोर्टाची तारीख असे मिळून ११ दिवस धरा. उरले २८०. ३६,५०० ला २८० ने भागलं की उत्तर येतं साधारण १३०. म्हणजे १०० गाड्यांसाठी १३० चालक हवेत.

आता समजा त्या आगारात ११५ चालक आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, शंभराला एकशे पंधरा, म्हणजे भरपूर आहेत की! पण ११५ गुणिले २८० केले तर होतात ३२,२००. वर्षाला ४,३०० ड्युट्या उघड्या पडल्या, म्हणजे रोज जवळपास १२. लक्षात घ्या, इथे अजून एकाही माणसानं दांडी मारलेली नाही. सगळे शहाण्यासारखे वागले, नियमानेच रजा घेतली, तरी रोज सकाळी १२ गाड्यांना चालक नाही.

मग ड्युटी लावणाऱ्यानं काय करायचं? त्याच्याकडे तीनच वाटा असतात. गाड्या रद्द करायच्या, रजा नामंजूर करायच्या, नाहीतर काम संपवून आलेल्याला म्हणायचं, "दादा, अजून एक मार." तो तिन्ही करतो. त्यातली दुसरी वाट दांडीला जन्म देते आणि तिसरी वाटही दांडीलाच जन्म देते. बहिणीच्या मुलीच्या लग्नाची रजा नामंजूर झाली म्हणून कोणी लग्नाला जायचं थांबत नाही. तो जातो आणि कागदावर 'विनापरवाना गैरहजर' होतो. सलग डबल ड्युटी केलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठूच शकत नाही, तोही गैरहजर. त्यांच्या जागी पुन्हा कोणाला तरी डबल ड्युटी लागते, आणि चार दिवसांनी तो नवा माणूस गैरहजर होतो. बारा उघड्या ड्युट्यांच्या पंधरा होतात, पंधराच्या अठरा. मग वरून पत्र येतं, 'कर्मचाऱ्यांमध्ये बेशिस्त वाढली आहे.'

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली स्वतंत्र कायदा झाला, मोटार परिवहन कामगार कायदा. त्यातल्या चार-पाच गोष्टी प्रत्येक चालकाच्या घरात पाठ असायला हव्यात. काम दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास. लांब पल्ल्याच्या गाड्या किंवा यात्रा-सणाची गर्दी असेल तर मंजुरी घेऊन जास्त काम देता येतं, पण तेही दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांच्या पुढे नाही. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. आज ड्युटी संपल्यापासून उद्या ड्युटी लागेपर्यंत सलग किमान ९ तास मोकळे. सात दिवसांत एक दिवस सुट्टी. आणि जादा कामाला दुप्पट दर.

हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावून घेतला आहे. दुप्पट दराचं तत्त्व त्या संहितेतही आहे, आणि जादा काम कामगाराच्या संमतीनेच घ्यावं असंही ती म्हणते. संमती हा शब्द ध्यानात ठेवा. "नाही म्हणालास तर पुढच्या महिन्यात मुक्कामी गाडी लावीन" असं म्हणून घेतलेला होकार संमती होत नाही.

यातली ९ तासांची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रात्री साडेअकराला गाडी लावून, कॅश भरून, वाहक-चालक मोकळे होतात आणि पहाटे साडेपाचला पुन्हा नाव लागलेलं असतं. मधले सहा तास. त्यात घरी जाणं, जेवणं, आंघोळ, परत येणं. झोप किती मिळाली असेल याचा हिशोब तुम्हीच करा.

आता पैशाचं. व्यवस्थापन म्हणतं, नवी माणसं नेमणं परवडत नाही. आपल्या उदाहरणात रोजच्या १२ ड्युट्या खरोखर दुप्पट दराने दिल्या तर रोज २४ ड्युट्यांचा पगार जातो. कमी असलेली १५ माणसं नेमली तर रोज १५ पगार. त्यावर भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी धरली तरी नेमणूकच स्वस्त पडते. तरीही ओव्हरटाइम स्वस्त वाटतो याचा अर्थ दोनपैकी एक. एकतर दुप्पट दर खऱ्या अर्थाने मिळत नाही, पूर्ण पगारावर न मोजता त्याच्या एखाद्या तुकड्यावर मोजला जातो किंवा तास कमी दाखवले जातात. नाहीतर भरतीची मंजुरी वरून आणावी लागते आणि ओटी मात्र आगारातल्या आगारात एका सहीवर देता येतो. कारण पैशाचं कमी आणि सोयीचं जास्त असतं.

झोपेचं यंत्र नाही

ड्युटीवर निघण्याआधी चालक दारू प्यायला आहे का हे तपासायला यंत्र असतं, आणि ते असायलाच हवं. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ०.०३ टक्के. आता एक अभ्यास सांगतो. १९९७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं ढासळतं. चोवीस तास जागा असेल तर ते साधारण ०.१० टक्क्यांच्या बरोबरीचं होतं.

पहाटे चारला उठून साडेपाचची गाडी काढलेला चालक दुसऱ्या ड्युटीवर रात्री नऊ वाजता घाट उतरत असेल, तर त्याला उठून १७ तास झालेले असतात. त्याच्या तोंडाला वास येत नाही, यंत्र शून्य दाखवतं, आणि मागे पन्नास माणसं निर्धास्त झोपलेली असतात. प्यायलेल्या चालकाला आपण गाडीवरून उतरवतो आणि झोप न झालेल्याला शाबासकी देतो, "काय कामसू माणूस आहे, नाही म्हणत नाही!"

आजाराचंही तसंच आहे. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या बस कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसमध्ये जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांपेक्षा दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. व्यायामाचं महत्त्व सांगताना आजही जगभर हा अभ्यास दाखवतात. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा की चालकाची खुर्चीच मुळात शरीराला महाग पडते. त्यात उष्णता, धूळ, इंजिनाची धग, वेळेवर जेवण नाही, लघवी रोखून धरणं. आठ तासांनी जे नुकसान होतं ते सोळा तासांनी वाढणारच. मग पन्नाशीच्या आत रक्तदाब, मधुमेह, कंबर, आणि रजेचे अर्ज. त्याला आपण दांडी म्हणतो.

ओटी हवासा का वाटतो

इथं कोणी म्हणेल, चालकच ओटी मागून घेतात. खरं आहे. माझ्या टेबलासमोर ओटीसाठी उभे राहणारे होते, आणि ओटी मिळाला नाही म्हणून भांडणारेही होते. पण का, ते पाहा. मूळ पगारात घर चालत नाही, कर्जाचा हप्ता आहे, मुलाच्या कॉलेजची फी आहे. ओटी धरूनच महिन्याचं गणित बसवलेलं असतं. एकदा असं झालं की ओटी जादा राहत नाही, तो पगारच होतो. आणि मग ओटी वाटणाऱ्याच्या हातात मोठी सत्ता येते. मर्जीतल्याला सोपी फेरी आणि ओटी, नावडत्याला मुक्कामी गाडी आणि कोरडा पगार. गाव, जात, धर्म, युनियन, चहापाणी, सगळं या वाटपात शिरतं. ज्याला ओटी मिळत नाही तो म्हणतो, मग मी तरी का वेळेवर येऊ? ओटीच्या वाटपातल्या पक्षपातातूनही दांडी येते, हे मी रोज पाहत होतो.

एसटीचा मोठा संप आपल्या सगळ्यांना आठवतो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. मागणी होती महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण करण्याची. ती मान्य झाली नाही, शेवटी उच्च न्यायालयाने कामावर परतायला मुदत घालून दिली. त्या संपाचं राजकारण बरंच झालं, मी त्यात जात नाही. पण तळाशी काय होतं? कमी पगार, आणि तोही वेळेवर नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने सेवेच्या वर्षांनुसार मूळ वेतनात २,५०० ते ५,००० रुपयांची वाढ जाहीर केली. सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीच्या तोंडावर पुन्हा संप झाला, तेव्हा ६,५०० रुपयांची वाढ जाहीर झाली. प्रत्येक वेळी गाड्या थांबल्यावरच पगाराचा विचार झाला. कष्टकऱ्याची मजुरी अडवू नये, उशिरा देऊ नये, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आणि मोठ्या आस्थापनेने महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत द्यावा, हे या देशात १९३६ च्या वेतन कायद्यात लिहून ठेवलेलं होतं. दीन आणि कायदा दोन्ही इथं एकच गोष्ट सांगतात.

दरम्यान काम वाढतच गेलं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत झाली, १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट झालं. दोन्ही निर्णय चांगलेच. आमच्या किती आया-बहिणी त्यामुळे माहेरी, दवाखान्यात, बाजाराला एकट्या जाऊ लागल्या. पण गर्दी वाढली की वाहकाचं काम वाढतं आणि वादही वाढतात. सवलत जाहीर करताना माणसं किती लागतील हेही त्याच दिवशी जाहीर व्हायला हवं.

सगळ्या दांड्या सारख्या नसतात

मी कामगारांची बाजू घेतो म्हणून सगळ्या दांड्यांवर पांघरूण घालणार नाही. दारू पिऊन पडलेले असतात. आगारात हजेरी आणि बाहेर खासगी गाडी, असं करणारे असतात. पेरणीच्या हंगामात न सांगता आठ दिवस शेतात जाणारे असतात. त्यांच्यामुळे शेजारच्या माणसाच्या गळ्यात डबल ड्युटी पडते आणि स्टँडवरची मुलगी अंधारात थांबते. सरकारी नोकरी ही अमानत आहे. पगार घ्यायचा आणि न कळवता गायब व्हायचं, हा अमानतीत खोट आणण्याचाच प्रकार आहे. अशांवर कारवाई व्हावी.

पण कारवाई करणाऱ्यानं आधी वर्गवारी करावी. कळवून न आलेला आणि न कळवता न आलेला, हे दोन वेगळे. आजारी वेगळा, रजा नाकारल्यामुळे गेलेला वेगळा. आदर्श स्थायी आदेशांत विनापरवाना सलग दहा दिवसांहून जास्त गैरहजर राहणं हे गैरवर्तन ठरतं. त्या दहा दिवसांच्या मागे काय आहे हे चौकशीत विचारलंच जात नाही, आरोपपत्र छापील असतं.

महिला वाहकांचं उदाहरण घ्या. अनेक स्टँडवर त्यांच्यासाठी धड स्वच्छतागृह नाही, विश्रांतीची खोली असलीच तर तिला कडी नाही. मुक्कामी ड्युटी लागली की घरी तान्हं मूल कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न. पाळीच्या दिवसांत आठ तास खडखडणाऱ्या गाडीत उभं राहायचं. या बहिणींची गैरहजेरी मोजण्याआधी त्यांच्यासाठी किती खोल्यांना दारं आहेत ते मोजा.

आता आपल्या घरचा विषय, ईदची रजा. रजेचा अर्ज आठ दिवस आधी द्यायचा आणि ईद ठरणार आदल्या रात्री चंद्र दिसल्यावर. म्हणून मुस्लिम कर्मचारी दोन दिवसांची रजा मागतो, साहेब एक दिवस देतो, आणि नेमका चंद्र दुसऱ्या दिवशी दिसतो. मग नमाज पढून दहा वाजता धावत आलेला माणूस 'उशिरा' किंवा 'गैरहजर'. प्रत्यक्षात आगारांनी यावर स्वतःच तोडगा काढलेला असतो. ईदला आमचे हिंदू, बौद्ध सहकारी आमच्या ड्युट्या करतात. गणपतीत, दिवाळीच्या पाडव्याला, आंबेडकर जयंतीला आम्ही त्यांच्या करतो. कोणी हुकूम काढलेला नसतो, माणसं आपसांत ठरवतात. देशात काहीही वातावरण असो, आगारात ही अदलाबदल चालू राहते. पण ती कागदावर नसते. त्यामुळे एखादा नवा अधिकारी आला की म्हणतो, परस्पर ड्युटी बदलली, दोघांवर कारवाई करा. माझं म्हणणं आहे, या अदलाबदलीची रीतसर वही ठेवा. दोघांची सही, ९ तासांची विश्रांती तपासलेली, झालं. तसं केलं तर सणाच्या दिवशीच्या निम्म्या दांड्या वहीतून आपोआप नाहीशा होतील असं मला वाटतं.

रमजानबद्दलही एक स्पष्ट बोलतो. आपण धर्माच्या नावावर वेगळी सवलत मागू नये. रोजा असलेल्या चालकाला मगरिबच्या वेळी दहा मिनिटं थांबून पाणी प्यायला मिळावं, हे बरोबर. पण मधुमेही चालकाला वेळेवर घास मिळावा, एकादशी करणाऱ्याला आणि तान्ह्या मुलाच्या आईलाही तेवढाच अवधी मिळावा, हेही तितकंच बरोबर. नियम एकच मागा: पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जी कायद्यात आहे. ती खरोखर मिळाली तर रोजेदाराचा प्रश्न त्यातच बराचसा सुटतो, आणि कोणाला बोट दाखवायला जागा राहत नाही.

कंत्राटात दांडीच नाही

शहरात आता नवी पद्धत आली आहे. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, मार्ग आणि तिकीट सार्वजनिक उपक्रमाचं. मुंबईत बेस्टमध्ये अशा भाडेतत्त्वावरच्या गाड्या मोठ्या प्रमाणात आल्या. काही जण म्हणतात, बघा, तिथं गैरहजेरीचा प्रश्नच नाही. नसेलच! तिथं काम नाही तर पैसा नाही. आजारी पडलेला माणूस 'गैरहजर' होत नाही, त्याचं नाव पटावरून जातं. दुसरा येतो, तो मार्ग शिकायच्या आत तिसरा येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये याच चालकांनी पगारवाढीसाठी काम बंद केलं तेव्हा आठवडाभर मुंबईकरांचे हाल झाले. दांडी एकेकट्यानं मारायची सोय नव्हती, म्हणून ती सगळ्यांनी एकदम मारली. आपल्या वस्त्यांतली कितीतरी तरुण पोरं या कंत्राटांत आहेत. त्यांच्या हातात नेमणूकपत्र आहे का, ओव्हरटाइमची नोंद असलेली पगारचिठ्ठी मिळते का, एवढं तरी आपण विचारू शकतो.

आपण काय करायचं

मी टाळ्यांसाठी आलेलो नाही, कामाची यादी घेऊन आलो आहे.

पहिलं काम माहितीचं. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. अर्जाला १० रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून अर्ज वेगवेगळे करा. पहिल्या अर्जात विचारा: गेल्या तीन महिन्यांत आपल्या आगारातून रोज किती फेऱ्या ठरल्या, किती धावल्या, किती रद्द झाल्या आणि कारण काय. दुसऱ्यात: चालक-वाहकांची मंजूर पदं किती, भरलेली किती. तिसऱ्यात: दरमहा किती तास ओव्हरटाइम दिला आणि किती दराने. चौथ्यात: रजेचे किती अर्ज आले आणि किती नाकारले. कोणाही कर्मचाऱ्याचं नाव मागू नका. आपल्याला माणूस पकडायचा नाही, वह्या शेजारी ठेवायच्या आहेत.

दुसरं, उत्तरं आली की ती घेऊन आगार व्यवस्थापकाकडे जा, पण एकटे जाऊ नका. सोबत पालक, मुख्याध्यापक, व्यापारी, आणि आगारातल्या युनियनची माणसं घ्या. सगळ्या धर्मांची, सगळ्या पक्षांची घ्या. मागणी चारच ठेवा. रद्द फेऱ्यांची यादी रोज स्टँडवरच्या फळ्यावर लागावी. ड्युटी लावताना ९ तासांची विश्रांती तपासली जावी. रजेवर जाणाऱ्यांच्या जागी राखीव माणसं मंजूर व्हावीत. आणि मुलींच्या शाळा सुटण्याच्या वेळची गाडी शेवटच्या क्षणापर्यंत रद्द होऊ नये, तोडायचीच झाली तर दुसरी तोडावी.

तिसरं काम आपल्या स्वतःच्या वागण्याचं. गाडी उशिरा आली की आपण समोर दिसणाऱ्या चालकावर, वाहकावर तोंडसुख घेतो, कुठे कुठे हातही उचलला जातो. तो आलेला आहे, म्हणून आपल्याला दिसतो. जो आला नाही आणि ज्यानं माणूस नेमला नाही, ते दोघं तिथं नसतात. कामावर आलेल्या माणसाला न आलेल्याची शिक्षा देऊ नका.

आणि इथं बसलेल्या चालक-वाहक भावांना आणि बहिणींना एक विनंती. येता येणार नसेल तर कळवा, एक फोन करा. दुसऱ्या ड्युटीला अंग साथ देत नसेल तर नाही म्हणा, आणि कोणी नाही म्हणालं तर युनियननं त्याच्या मागे उभं राहावं. पैशांची गरज मोठी आहे हे मला माहीत आहे. पण पुरेशा पगाराची लढाई डोळे मिटत असताना स्टिअरिंग धरून जिंकता येत नाही. ती सगळ्यांनी मिळून टेबलावर बसून जिंकावी लागते, आणि त्या टेबलावर तुमच्या बाजूला प्रवासी बसलेले दिसले तर समोरच्याला ऐकावंच लागतं.

पहिले चार अर्ज आजच लिहून घेऊ. मागच्या टेबलावर कोरे कागद आणि पेन ठेवले आहेत. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी कॉलेजच्या मुली बसल्या आहेत, त्या लिहून देतील.